एकतीस वेळा स्वतःचंच नाव

सोमवारी सकाळच्या जालना-मंठा एसटीत सुमेधाला खिडकी मिळाली नाही, आणि पुढचं जे काही झालं ते सगळं त्या खिडकीपायी झालं.

खिडकी धरून बसला होता एक तिशीच्या आतबाहेरचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, पायाशी नवी कोरी बॅग, मांडीवर कागदांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. आता दुसऱ्याच्या कागदात डोकावू नये हे सुमेधालाही कळत होतं. पण ती पडली मास्तरीण, त्यातून पेन लाल. नजर गेलीच. गेली ती तिथंच अडकली, कारण त्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. हिवाळे एस. एस., हिवाळे एस. एस., हिवाळे एस. एस.… आणि प्रत्येक नावाखाली लाल रेघ.

सुमेधा शिवाजी हिवाळे, वनस्पतीशास्त्राची प्राध्यापिका, घसा साफ करून म्हणाली, "पेपर तपासून राह्यले का?"

"पेपर न्हाई हो. नावं मोजून राह्यलो." माणूस बोलका निघाला. "मंठ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आज हजर होतोय. पोचायच्या आधीच त्यांनी काम पाठवून दिलं. बढतीच्या फायली तपासायच्यात. एखाद्यानं दुसऱ्याचं संशोधन वापरलं की पेपराच्या शेवटी त्याचं नाव द्यावं लागतं. त्याला सायटेशन म्हणतात. जितकी जास्त सायटेशन, तितका माणूस मोठा."

"मंग हे मोठे आहेत का?"

"बघा की. पंचेचाळीस सायटेशन. मला बरं वाटलं, म्हणलं गावाकडचा माणूस आहे, चला. आन् मोजलं तर त्यातली एकतीस खुद्द साहेबांचीच! आपणच लिहायचं, आन् आपणच म्हणायचं, ह्या बाबतीत हिवाळे काय म्हणतात ते बघा." तो मनापासून हसला. "घरात आरसे किती असतील, सांगा."

सुमेधाचे कान तापले. पण ओठांवर वेगळंच आलं. "वय काय असंल साहेबांचं?"

"पंचावन्न तरी. मिशा रंगवत असतील."

आणि मग सुमेधा हसली. अगदी पोट धरून, खोकला येईपर्यंत हसली. ह्या हसण्याबद्दल तिनं स्वतःला पुढं कितीतरी दिवस माफ केलं नाही. वाटूर फाट्याला बस थांबली तेव्हा त्यानं खिडकीतूनच दोन कट चहा मागवले, एक तिला दिला, आणि खिडकीही देऊ केली. तिनं चहा घेतला, खिडकी नको म्हणाली. नाव मात्र त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मंठ्याला उतरल्यावर तो पुढं आणि ती वीस पावलं मागं, अशी वरात कॉलेजच्या फाटकापर्यंत गेली.

दुपारी ती ग्रंथालयात शिरली आणि बढतीचा फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आज मिशा रंगवायच्या राहिल्यात. चालंल ना?"

त्यानं फॉर्मवरचं नाव वाचलं. मग तिच्याकडं बघितलं. मग परत नाव वाचलं. खुर्ची मागं सरकवून तो उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "जय भीम, मॅडम. मी… संघपाल मगरे."

"जय भीम. बसा. आरसा एकच आहे घरात, तोही तडकलेला."

"मॅडम, मी बसमध्ये जे…"

"ते राहू द्या. मला एवढंच सांगा मगरे सर, तीर्थपुरीत एका बागेतल्या साठ मोसंबीच्या झाडांखाली नऊ वर्षं मी पडलेली फळं मोजून राह्यले. फळ पिकायच्या आधी का गळतं, एवढंच माझं काम. आता पाचव्या वर्षाचं लिहायचं तर चौथ्या वर्षाचं कुणाचं नाव घेऊ? शेजारणीचं? माझ्याशिवाय ती फळं मोजलीत कुणी?"

एवढं बोलून ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं की काय, अशी तिलाच शंका आली, म्हणून तिनं कपाटांकडं बघितलं. नऊ वर्षं दर रविवारी उन्हातान्हात वाकायचं, आणि कुणीतरी चहा पिता पिता म्हणायचं की आरसे किती असतील. लागतं हो माणसाला.

संघपालला ते दिसलं. तो खाली बघत म्हणाला, "तुमचं बराबर आहे. पण फॉर्मला ते कळत न्हाई." आणि त्यानं फॉर्म तिच्याकडं वळवला. संस्थेचा नियम साफ होता. दोन रकाने, एक स्वतःच्या सायटेशनचा, एक इतरांच्या. बढतीसाठी इतरांची किमान वीस लागत होती. सुमेधाची होती चौदा. जानेवारीअखेर फाइल गेली पाहिजे. नाहीतर पुढची समिती दोन वर्षांनी.

"सहा कमी," ती म्हणाली.

"सहा. आन् खाली टीप आहे. सहलेखकानं किंवा कुटुंबातल्या माणसानं केलेली सायटेशन स्वतःच्याच रकान्यात धरावीत."

ह्याच्यावर तिला हसूच आलं. "आमचे बाबा रोलिंग मिलमधून रिटायर झाले, भाऊ टेम्पो चालवतो. आमच्या घरात कोण माझ्यावर पेपर लिहितंय?"

"टीप अजून खाली चालू आहे, मॅडम."

"चालू द्या," म्हणून ती निघून गेली. दाराशी गेल्यावर मात्र तिला उगाच वाटलं की हा माणूस शेवटपर्यंत वाचणारा दिसतोय. आणि तसं वाटल्याचा तिला रागही आला.

आठ दिवसांनी तोच तिच्या विभागात आला. हातात तिचे पेपर, कडेला पेन्सिलीच्या खुणा. "एक विचारू? मोसंबीच्या पेपरात शेवाळ कुठनं आलं? प्रत्येक पेपराच्या शेवटी सहा संदर्भ शेवाळावरचे आहेत."

सुमेधानं दाराकडं बघून आवाज खाली केला. "ते विभागप्रमुखांचे. भुजंग सर शेवाळावर काम करतात. आमच्या विभागातनं कुठलाही पेपर बाहेर पडू द्या, शेवटी सरांचे सहा टाकायचेच. मागं एकानं वटवाघळावर लिहिलं, त्यातबी शेवाळ आहे."

"वटवाघूळ शेवाळ खातं का?"

"खात न्हाई. पण सही सरांची लागते ना."

दोघंही हसले, आणि ह्या खेपेला हसल्याचा तिला पस्तावा झाला नाही. जाता जाता तो अडखळत म्हणाला, "मॅडम, ती झाडं बघायला मिळतील का? मी आजवर कागदावरचंच मोजत आलोय…"

ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही, नुसती घुसमट. जालन्याहून निघालेली बस दोघांना तीर्थपुरीला सोडून गेली. उषाबाईंच्या बागेत ओल्या मातीचा आणि सडलेल्या सालीचा कडसर वास भरून राहिला होता. उषाबाई म्हणजे बागेची मालकीण, साठीची बाई, डोक्यावरचा पदर ढळू न देता झाडावर चढणारी. त्यांनी संघपालला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे कोण पावणे?"

"आमचे ग्रंथपाल आहेत, मावशी."

"मंग पुस्तकं सोडून इकडं कामून आले?"

"फळं मोजायला," संघपाल म्हणाला.

"असं व्हय," म्हणून उषाबाई गालातल्या गालात हसत चुलीकडं गेल्या.

निम्म्या झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं भुसकट अंथरलं होतं, निम्मी उघडी होती. सुमेधा ओढणी कमरेला बांधून एका झाडाखाली वाकली, संघपाल पॅन्टीच्या घड्या मोडत दुसऱ्याखाली. ती आकडा विचारायची, तो सांगायचा, ती वहीत लिहायची. सतरा नंबरच्या झाडाशी गाडी अडली.

"किती?"

"एकवीस… न्हाई, बावीस. थांबा, परत मोजतो."

"तपासणीस तुम्ही, आन् तुम्हीच चुकून राह्यले?"

"लक्ष दुसरीकडं गेल्तं."

"कुठं?"

तिच्या कपाळाला मातीचं बोट लागलं होतं, त्याच्याकडं तो बघत होता आणि आपण बघतोय हे त्याला कळलं तेव्हा भलताच उशीर झाला होता. सुमेधानं पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं केलं आणि वहीत सतरापुढची जागा मोकळी सोडली. का सोडली, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

चहाच्या वेळी उषाबाईंनी सांगितलं, की शेजारच्या आठ बागांत लोकांनी औंदा भुसकट टाकलंय आणि फळ बिलकुल कमी गळतंय. "समदे म्हणतात, उषाबाईच्या बागेतली तऱ्हा."

"म्हणजे मॅडमची सायटेशन तुमच्या नावावर चाललीत की," संघपाल म्हणाला.

"काय चाललंय माझ्या नावावर?" उषाबाई दचकल्या. कागदपत्राचं काही म्हणलं की त्यांना धसका बसायचा. मग त्यांना समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, आणि सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एवढंच व्हय. मंग तुम्हीच लिवा की पोरीचं नाव. हात दुखतात का?"

तो हसला. पण परतीच्या बसमध्ये अंबडपर्यंत तो तिची वही मांडीवर घेऊन आकडेच वाचत होता.

त्यानंतर रविवार दोघांचे झाले. घरून बेबीनंदा, म्हणजे सुमेधाची आई, डबा करून द्यायची. पहिल्यांदा दोन भाकरी असायच्या, मग चार झाल्या, आणि आईनं काही विचारलं नाही तेव्हाच सुमेधानं ओळखलं की आईला सगळं ठाऊक आहे. त्याला ठेचा सोसायचा नाही. ती मुद्दाम वाढायची, तो मुद्दाम खायचा, आणि मग दोघं मिळून पाण्याची बाटली शोधायचे. ह्याला प्रेम म्हणायचं का? ती म्हणत नव्हती. पण पडलेल्या फळांची शनिवार संध्याकाळपासून इतकी ओढ तिला कधीच लागली नव्हती.

नोव्हेंबरात भुजंग सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर गोड माणूस. गोडच बोलले. "हिवाळे मॅडम, सहाच कमी आहेत ना? माझे दोघं मित्र आहेत बाहेर. ते तुमचे सहा टाकतील. तुम्ही पुढच्या दोन पेपरांत त्यांचे टाका. हे असंच चालतं. हातानं हात धुवायचा."

सुमेधा बाहेर आली ती थेट बसस्थानकासमोरच्या चहाच्या गाड्यावर, जिथं संघपाल रोज चारला असायचा. तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "घेऊ का?"

खरं सांगायचं तर तिला त्याच्याकडून 'घ्या' ऐकायचं होतं. नऊ वर्षं झाली होती. बाबा दर महिन्याला विचारत होते की बढतीचं काय झालं. सहाच तर होती.

संघपालनं कप खाली ठेवला. "तुमची मर्जी. पण कागद माझ्यापुढं आला आन् मोसंबीच्या बदल्यात मला तिसरंच काही दिसलं, तर मी तसं लिहीन."

"माझ्या फाइलीवर? तुम्ही?"

"तुमच्या फाइलीवर तर नक्कीच."

ती अर्धा चहा तसाच टाकून निघाली. आठ दिवस बोलली नाही. रविवारी एकटी तीर्थपुरीला गेली, चार भाकऱ्यांतल्या दोन उषाबाईंना दिल्या, आणि त्यांनी "पावणे कुठं हायेत?" विचारल्यावर "मेले," असं म्हणून साठ झाडं एकटीनं मोजली. मोजताना राग झाडागणिक उतरत गेला. चाळिसाव्या झाडापाशी तिला कळून चुकलं की ह्या आकड्यांत आपण कधी एक फळ इकडचं तिकडं केलं नाही, आणि तो माणूस नेमका तेवढ्याच एका गोष्टीवर आपल्याशी भांडला. सोमवारी तिनं भुजंग सरांना नाही म्हणून सांगितलं. सर त्यानंतरही गोडच बोलत होते, फक्त कमी बोलत होते.

मग ती ग्रंथालयात गेली. "चहा घेणार का?"

"ठेचा असला तर बी घेतो," तो म्हणाला. भांडण मिटलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फाइल भरायला बसताना सुमेधानं आपली चौदा सायटेशन एकदा शेवटची बघावीत म्हणून कॉम्प्युटर उघडला. आकडा होता एकवीस. तिनं पान बंद करून परत उघडलं. एकवीस! सातच्या सात एकाच पेपरातली. ग्रंथालयशास्त्राचं एक नियतकालिक, चालू अंक, लेखक मगरे एस.

तिनं तो पेपर उभ्यानंच वाचला. विषय होता स्वतःचीच सायटेशन घेणाऱ्यांचा. ज्या विषयावर जिल्ह्यात एकच माणूस काम करतो, त्यानं स्वतःचं नाव घेतलं तर तो गर्व की नाइलाज, हे कसं ओळखायचं? लेखकानं एका संशोधिकेची एकतीस सायटेशन एकेक करून तपासली होती. आधीच्या वर्षाशिवाय पुढचं वर्ष उभंच राहत नाही, म्हणून सत्तावीस आवश्यक. चार अनावश्यक. शेवटी लिहिलं होतं की आकड्यांवरून मीही आधी ह्या संशोधिकेबद्दल चुकीचं मत केलं होतं आणि ते चारचौघांत बोललोही होतो. झाडं पाहिल्यावर मत बदललं.

'चार अनावश्यक' वाचून तिचा चेहरा लाल झाला. ती चार कुठली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांमागं, आकडा जरा बरा दिसावा म्हणून घुसडली होती. जगात कुणी ते पकडेल असं तिला वाटलं नव्हतं. म्हणजे ह्या माणसानं तिचा अकराच्या अकरा पेपरांतला शब्दन्‌शब्द वाचला होता, उषाबाईंच्या चहाचे आभार मानलेत तिथपर्यंत. आपल्याला इतकं नीट आजवर कोणी वाचलं होतं? ती तिथंच खुर्चीत बसली आणि थोडी रडली, आणि मग स्वतःलाच हसली.

तो टेबलापाशी काहीतरी लिहीत होता. "कधी पाठवला?" तिनं विचारलं.

त्यानं वर बघितलं. "सप्टेंबरात. आपल्या भांडणाच्या आधी."

"सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही ती चार काढून टाका म्हणल्या असत्या."

"म्हणले असते," तिनं कबूल केलं. "उपकार म्हणून लिहिला का?"

"बिलकुल न्हाई. बसमध्ये बोललो ते मला रोज टोचत होतं. ते कुठंतरी लिहून काढायचं होतं." मग जरा थांबून, "सुरुवात तशी झाली. पुढं… पुढं तुमचं वाचायला मला आवडायला लागलं. नुसतं वाचायलाच असं न्हाई."

एवढं बोलून तो कपाटातली नीट लावलेली पुस्तकं परत नीट लावायला गेला.

सुमेधा दोन दिवस ग्रंथालयाकडं फिरकली नाही. शेवटच्या रविवारी ती एकटीच बागेत गेली. मोसंबीला आंबे बहार, म्हणजे थंडी सरतानाचा फुलोरा, लागला होता. पांढऱ्या फुलांच्या वासानं डोकं हलकं होत होतं आणि प्रत्येक झाडावर मधमाश्या घुमत होत्या. सतरा नंबरच्या झाडाखाली ती बराच वेळ उभी राहिली. उषाबाई लांबून बघत होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही.

सोमवारी, फाइल द्यायच्या दिवशी, तिनं फॉर्म संघपालच्या पुढ्यात ठेवला. "तपासा आन् सही करा."

तो वाचू लागला. वाचता वाचता त्याचा हात थांबला. "मॅडम, चूक झाली. माझी सात तुम्ही स्वतःच्या रकान्यात लिहिलीत. इतरांची चौदाच राहिली."

"चूक न्हाई."

"अहो, सातांनी तुम्ही बसता. ती इकडं गेली की…"

"की न्हाई बसत. मोजता येतं मला." तिनं नजर हलवली नाही. "कुटुंबातल्या माणसाची सायटेशन स्वतःच्या रकान्यात धरायची, ही टीप तुम्हीच दाखवली होती. मला खोटं लिहून बढती नको. आज इतरांत लिहायचं आन् उद्या तुम्हाला घरी न्यायचं, आईच्या हातची भाकरी खायला कायमचं… हे मला जमणार न्हाई. ठेच्याचं मी आईला सांगून ठेवते, कमी तिखट कर म्हणून."

संघपालनं पेनचं टोपण काढलं. मग परत लावलं. पेन खिशात अडकवून त्यानं फॉर्म हळूच तिच्याकडं सरकवला.

तिनं फॉर्म परत त्याच्यापुढं ढकलला. "काय झालं?"

"मला सही करता यायची न्हाई."

"का?"

"त्या दिवशी तुम्ही टीप अर्धी ऐकून गेल्त्या." त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर टेकलं. चेहरा हसू आवरता आवरता वाकडा झाला होता. "तपासणारी व्यक्ती उमेदवाराच्या कुटुंबातली नसावी."

सुमेधानं ओळ वाचली. परत एकदा वाचली. वाचलेलं डोक्यात उतरलं तसा तिनं फॉर्म ओढून स्वतःकडं घेतला.

"अजून वेळ आहे," तो हळू म्हणाला. "ही सात खोडून तिकडं लिहा. एकवीस होतात. मी आत्ता सही करतो, आन् बढती तुमच्या हातात. दोन वर्षं लई असतात, सुमेधा."

त्यानं पहिल्यांदाच मॅडम न म्हणता नाव घेतलं होतं.

"शाईनं लिहिलंय," ती म्हणाली. "आन् दोन वर्षं झाडं मोजण्यात जातील. दोघं असलो तर जल्दी जातील."

"सतरा नंबरला परत चुकलो तर?"

"ती जागा मी मोकळीच सोडलीय."

पाचच्या आत तिनं फाइल कार्यालयात दिली. कारकुनानं पानं उलटली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, बाकी सगळं बराबर आहे. पण तपासणाऱ्याची सही कुठंय?"

सुमेधानं मागं वळून बघितलं. फाटकाशी संघपाल तिची पर्स आणि दोघांचे डबे हातात धरून उभा होता, मंठा-जालना बसकडं बघत, खिडकीची जागा धरायच्या घाईत.

"राहू द्या कोरीच," ती म्हणाली. "ते आता आमच्या घरचे आहेत."